सल्लागारसाहेबांची पदावनती

ओटोकार नाव्रातिल हे दरबारी सल्लागार नाहीत, ही गोष्ट व्हिएन्नाच्या योझेफश्टाट भागात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द ओटोकार नाव्रातिल.

बाकी सगळ्यांच्या लेखी ते सल्लागारसाहेब. सम्राट जाऊन पन्नासावर वर्षं झाली, राजवाड्याला तिकीट लागलं, शाळांच्या सहली सिंहासनापुढे पावाचा चुरा सांडून जाऊ लागल्या, पण दरबारी सल्लागार काही संपले नाहीत. दरबारच नाही तर हे सल्ला देतात कुणाला, असं विचारायचं नसतं. नाव्रातिलांनी तर उभ्या जन्मात कुणाला सल्ला दिला नव्हता. हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत, छत्री विभागात, त्यांनी चौतीस वर्षं काढली. छत्री, काळी, पुरुषी, मूठ लाकडी, ट्राममध्ये सापडली. खाली सही. संपलं काम.

पण काफे व्हिंडिशमध्ये त्यांनी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्या अंगात वारलेल्या मामांचा फरच्या कॉलरचा कोट होता. हेडवेटर काएतान यांनी त्या कॉलरकडे पाहिलं, सल्लागाराला जेवढं वाकायचं असतं नेमके तेवढेच वाकले आणि म्हणाले, "खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे, सल्लागारसाहेब."

'अहो, मी तो नव्हे' असं म्हणायची वेळ तीच होती. पण बाहेर बर्फ पडत होतं आणि टेबल खरोखरच चांगलं होतं. माणूस एकदा बसला की बसला. नाव्रातिल एकवीस वर्षं बसले.

या काएतानरावांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. ते चालत नसत, सरकत. त्यांना पाय आहेत की काळ्या पाटलोणीखाली चाकं आहेत, यावर काफेत दोन तट होते. कोण दुधाची मेलांज कॉफी घेतो, कोण काळी घेतो, कुणाला साखर वर्ज्य, कुणाची सासू आजारी आणि कुणाची आजारी पडत नाही म्हणून तो दुःखी, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ठाऊक नसायचं ते फक्त नाव. नाव लागतं पोलिसांना, असं त्यांचं मत होतं. काफेत पद लागतं. आणि पद ते स्वतः देत, सढळ हाताने. शिलाईयंत्रं दुरुस्त करणारा एक गृहस्थ त्यांच्यामुळे मुख्य अभियंता झाला होता, आणि तेव्हापासून त्याच्या मिशांनासुद्धा वेगळाच ताठा आला होता.

फक्त एका माणसाचं पद अस्सल होतं. आरशाखालच्या टेबलावर बसणाऱ्या प्रोफेसरबाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी लॅटिन शिकवलं होतं. उंच, सडपातळ, राखाडी टोपी, आणि कॉफी ढवळताना चमचा कपाला न लावण्याची जगावेगळी हातोटी. सकाळचा पेपर लाकडी दांडीत अडकवून आधी नाव्रातिलांकडे येई, मग त्यांच्याकडे जाई. असं नऊ वर्षं. शब्दकोडं नाव्रातिल हलक्या पेन्सिलीने सोडवत आणि एक शब्द मुद्दाम रिकामा ठेवत, सगळ्यांत अवघड वाटेल तो. संध्याकाळी काएतानरावांनी पेपर उचलला की ते लांबूनच बघून घेत. शब्द भरलेला असे. त्या रात्री त्यांना छान झोप लागे.

आणि बोलणं? पेपर न्यायला त्या खिडकीपाशी आल्या की ते म्हणत, "घ्या, प्रोफेसरबाई." त्या म्हणत, "आभारी आहे, सल्लागारसाहेब." मिळून पाच शब्द. नऊ वर्षांचे किती होतात ते ज्याने त्याने काढावं. नाव्रातिलांनी काढले होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी काएतानराव पाण्याचा ग्लास बदलता बदलता म्हणाले, "आपल्या प्रोफेसरबाई चालल्या. ग्राझला, बहिणीकडे. कायमच्या. महिनाअखेरपर्यंतच आहेत."

नाव्रातिलांनी उचललेला कप तसाच खाली ठेवला.

घरी जाऊन त्यांनी विचार केला. काम तसं चिमूटभर होतं. खिडकीपासून आरशापर्यंत अकरा पावलं. ती चालायची आणि म्हणायचं, "बसू का?" पण बसणार कोण? सल्लागारसाहेब? जिने आयुष्यभर मुलींना खरं काय नि खोटं काय ते एकेका प्रत्ययावरून ओळखायला शिकवलं, तिच्यासमोर एका मेलेल्या मामाच्या कोटाने जाऊन बसायचं? छे. आधी हे पद उतरवायला हवं. एका दिवसाचं काम, असं त्यांना वाटलं. भाबडा माणूस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काएतानरावांना बाजूला बोलावलं. "काएतानराव, एक विनंती आहे. यापुढे मला सल्लागार म्हणू नका."

"काही चुकलं का आमचं?"

"नाही हो. मी सल्लागार नाहीच मुळी."

काएतानरावांनी हातातलं तबक शेजारच्या टेबलावर ठेवलं. त्यांना तबक खाली ठेवताना काफेत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "असं एकदम खाली उतरता येत नाही. तुमच्या खालोखाल त्या खांबाजवळचे वरिष्ठ निरीक्षक. तुम्ही त्यांच्या पायरीवर आलात तर त्यांना मी कुठे ढकलू? साध्या निरीक्षकात? मग साधे निरीक्षक? ते दोघं मास्तर होतील. मास्तरांचं काय करू? करत करत शेवटी दाराजवळच्या माणसाला मला नुसतं 'अहो' म्हणावं लागेल. या काफेत आजवर कुणाला 'अहो' म्हटलेलं नाही, साहेब. माझ्या हयातीत म्हणणार नाही."

"पण मी खरंच नाही हो!"

"ते तुमचं खाजगी मत झालं," काएतानराव म्हणाले आणि तबक उचलून सरकत निघून गेले.

हे सगळं मुख्य अभियंत्यांनी ऐकलं. ते स्वतःशीच बुद्धिबळ खेळत आणि बहुतेकदा हरत, त्यामुळे इतरांच्या भानगडींत लक्ष घालायला त्यांच्यापाशी भरपूर सवड असे. खुर्ची ओढत ते म्हणाले, "तोंडाने सांगून भागत नसतं. वागून दाखवा. सल्लागार कधी मागवणार नाही अशी कॉफी मागवा. पाणी घालून लांबवलेली."

नाव्रातिलांनी भर काफेत, जरा मोठ्यानेच, पाणी घालून लांबवलेली कॉफी मागवली. काएतानराव आले ते कॅमोमाइलचा काढा घेऊन. "पोटाचं आहे ना?" त्यांनी कुजबुजत विचारलं. वरिष्ठ निरीक्षकांनी खांबाआडून आपल्या डॉक्टरांचा पत्ता पाठवला. काउंटरमागच्या मालकीणबाईंनी गरम पाण्याची पिशवी पाठवली, आणि ती पोटावर धरून नाव्रातिल तासभर बसले. कारण ती परत पाठवणं वाईट दिसलं असतं. आरशाखालून प्रोफेसरबाई काळजीने पाहत होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या आरशात नाव्रातिलांना स्वतःचं रूप दिसत होतं. फरची कॉलर, रुंद कपाळ, हातात पिशवी. दिसायला अगदी सल्लागार. आजारी सल्लागार.

आठवडा गेला. त्यांच्या इमारतीची राखणदारीण ब्लाश्केबाई जिना पुसत असताना त्यांनी तिच्याजवळ मन मोकळं केलं. सगळ्या व्हिएन्नात राखणदारणीपासून काही लपत नाही, मग आपणच सांगितलेलं बरं.

"बाई आहे ना यात?" तिने फडकं पिळत विचारलं.

"छे छे! तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग टोपीला नवी रिबीन कशाला लावली? तत्त्वाला रिबीन लागत नाही. माझं ऐका. कागद आणा. सरकारी, शिक्क्याचा. कागद म्हटला की आपल्याकडे देवसुद्धा उठून उभा राहतो."

म्हणून नाव्रातिल एका मंत्रालयात गेले. कोणत्या ते मी सांगत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. तीन जिने, दोन चुकीच्या खिडक्या आणि एक जेवणाची सुटी झाल्यावर ते पदव्या व सन्मान कक्षात पोचले. टेबलामागे एक टकले गृहस्थ पेन्सिलीला टोक करत होते.

"मी दरबारी सल्लागार नाही असा दाखला हवा आहे," नाव्रातिल म्हणाले.

"कधीपासून नाही?"

"जन्मापासून."

"असं होय. आहेत त्यांची यादी आहे आमच्याकडे. नाहीत त्यांची ठेवायची म्हटलं तर साहेब, एवढा कागद देशात नाही."

"मग पद सोडायचा काही अर्ज?"

"आहे की. पण तो भरायला पद लागतं."

"तर मग आधी पद द्या!"

"त्याला शिफारस लागते. वीस वर्षांची निष्कलंक सेवा लागते. मग तीन वर्षं चौकशी." गृहस्थांनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर घातली, नाव्रातिलांच्या कॉलरकडे नीट पाहिलं आणि ते हळूहळू उभे राहिले. "मी सत्तावीस वर्षं या खुर्चीत आहे. पद मागायला रोज येतात. नको म्हणायला आलेले तुम्हीच पहिले. पदाचा इतका वीट फक्त खऱ्याखुऱ्या सल्लागारालाच येऊ शकतो." त्यांनी स्वतः दार उघडून धरलं. "या, सल्लागारसाहेब. जिना जपून उतरा."

नाव्रातिल रिकाम्या हाताने परतले. पण मंत्रालयात जातो आहे, एवढं त्यांनी मुख्य अभियंत्यांना सांगून ठेवलं होतं, आणि तिथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी ते काफेत शिरले तर माणसं उभी राहिली. बिलियर्डच्या टेबलाशी वाकलेला एक गृहस्थ काठी छातीशी धरून सलामीला उभा राहिला. सल्लागारसाहेबांनी पद सरकारच्या तोंडावर फेकलं, अशी बातमी होती. काएतानराव आजवर वाकले नव्हते एवढे वाकले आणि म्हणाले, "आपलं टेबल तयार आहे, महामहिम."

उतरायला निघालेला माणूस दोन पायऱ्या वर गेला.

पेपर घेताना प्रोफेसरबाईंनी पहिल्यांदाच सहावा शब्द उच्चारला. सहावा काय, एकदम तीन जास्तीचे. "आभारी आहे, महामहिम. सरकारशी कशावरून बिनसलं?"

नऊ वर्षं या क्षणाची वाट पाहिलेला माणूस. त्याला काय सुचावं? आयुष्यात ज्या एका विषयाची त्यांना खडान्‌खडा माहिती होती तोच तोंडून निघाला. "छत्र्यांवरून," ते म्हणाले.

काफेत कुजबूज उठली. आपला देश कुणाच्या छत्रीखाली जावा, अमेरिकेच्या की रशियाच्या, हा त्या काळी मोठा नाजूक प्रश्न होता. "छत्र्यांवरून!" वरिष्ठ निरीक्षक मान हलवत म्हणाले. "एवढं उघडपणे!" त्या दिवसापासून दोन अनोळखी माणसं शेजारी येऊन बसू लागली आणि नाव्रातिलांच्या प्रत्येक शिंकेला अर्थपूर्ण नजरेने एकमेकांकडे पाहू लागली.

आणि ऑक्टोबर संपत आला. चेस्टनटची पानं फुटपाथवर साचली, रोज एक दिवस कमी झाला. नाव्रातिल खिडकीत बसून आरशाकडे पाहत. जायच्या आधीच माणसाची आठवण येते ती फार वाईट. गेलेल्याची आठवण तरी एका जागी बसते. समोर कॉफी पीत असलेल्या माणसाच्या आठवणीचं काय करायचं? बाई चमचा कपाला न लावता ढवळत, आणि ती न येणारी किणकिण नाव्रातिलांना स्पष्ट ऐकू येई.

शेवटच्या दिवशी त्यांनी पेपर उचलला, दांडीसकट, आणि ते अकरा पावलं चालले. वाटेत मुख्य अभियंत्यांच्या पटावरचा एक उंट पडला.

"प्रोफेसरबाई," ते उभ्यानेच म्हणाले, "मी महामहिम नाही. सल्लागारही नाही. कधीच नव्हतो. मी छत्र्यांची नोंद करणारा कारकून. हा कोट मामांचा आहे."

बाईंनी चमचा बशीत ठेवला. त्या दिवशी तो वाजला.

"मग तुमचं नाव काय?"

एकवीस वर्षांत त्या काफेत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "नाव्रातिल," ते म्हणाले. "ओटोकार."

"नाव्रातिल," बाईंनी म्हणून पाहिलं. नवीन शब्दाचं रूप चालवून बघतात तसं. "ओटोकार नाव्रातिल. म्हणजे नऊ वर्षं मी तुम्हाला चुकीच्या विभक्तीत हाक मारत होते की हो."

"रागावलात?"

"नऊ वर्षं रोज एक शब्द माझ्यासाठी राखून ठेवणाऱ्यावर? बसा. उभे काय राहिलात? गाडीला अजून पाऊण तास आहे."

ते बसले. त्या पाऊण तासाविषयी मी काही सांगणार नाही, कारण नाव्रातिलांनी कुणाला सांगितलेलं नाही, आणि मी तेवढंच रचून सांगतो जेवढं खपतं. निघताना बाईंनी हातमोजे चढवले आणि विचारलं, "लिहीन मी. माझा पत्ता पाकिटावर असेल. तुमचा काय?"

आता कुठल्याही शहाण्या शहरातल्या माणसाने घरचा पत्ता दिला असता. पण व्हिएन्नातला माणूस घरी फक्त झोपतो. पत्रं येतात ती काफेत. "इथलाच," नाव्रातिल म्हणाले. "काफे व्हिंडिश."

नोव्हेंबर गेला.

"माझं काही आलं का, काएतानराव?"

"नाही, महामहिम."

डिसेंबर. "काही?"

"काही नाही, महामहिम."

नाताळात कार्डांचा ढीग आला, सगळ्यांवर नावाऐवजी नुसती पदं घातलेली. मुख्य अभियंत्यांना एकोणीस, वरिष्ठ निरीक्षकांना अकरा. नाव्रातिलांना एक, ते ब्लाश्केबाईचं, नव्या वर्षाची बक्षिशी विसरू नये म्हणून. आरशाखालच्या टेबलावर आता कुणीतरी केक खाणारं जोडपं बसे, चमचे वाजवत. शब्दकोड्यातला एक शब्द नाव्रातिल अजूनही रिकामा ठेवत. तो रिकामाच राही. मनाशी ते म्हणत, कशाला लिहील ती? गाडीत बसल्यावर नीट विचार केला असेल. कारकून तो कारकूनच, त्यात खोटारडा. पण दहा वाजता पोस्टमनची टोपी दाराच्या काचेत दिसली की त्यांची कॉफी थांबे. रोज. आशा ही अशी नियमित वेळेवर येणारी गोष्ट. कुठल्याही पोस्टमनपेक्षा नियमित.

फेब्रुवारीत एक दिवस काएतानराव वैतागून म्हणाले, "काय एकेक माणसं असतात, महामहिम! ग्राझची कुणी बाई आहे. सारखी इथल्या पत्त्यावर पत्रं पाठवते. कुणा नाव्रातिलला. आज पाचवं. मी जातीने परत पाठवतो."

खिडकीबाहेरून एक ट्राम गेली. नाव्रातिलांना ती ऐकू आली नाही.

नाव्रातिल हे आडनाव चेक. त्यांच्या बापजाद्यांच्या भाषेत त्याचा अर्थच 'परत आला' असा होतो. पाच पत्रांनी तो अर्थ अक्षरशः घेतला होता.

"परत पाठवता?"

"नुसती नाही. पाकिटावर स्पष्ट लिहितो. 'या नावाचा माणूस इथे नाही, कधी नव्हता, आणि मी एकतीस वर्षं इथे आहे तेव्हा तो असणं शक्य नाही. काएतान, हेडवेटर.' बाईमाणूस आहे, कुणा भामट्याने खोटं नाव सांगून फसवलं असेल बिचारीला."

नाव्रातिल उभे राहिले. सगळं बोलून झालं होतं त्या दिवशी, सगळं खोटं उतरवून ठेवलं होतं. आणि जी एक गोष्ट खरी म्हणून तिच्या हातात दिली होती, तीच खोटी ठरली होती. पाच वेळा. सहीनिशी.

"काएतानराव, नाव्रातिल मी."

काएतानराव दयेने हसले. "महामहिम, असं कसं..." मग त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू मिशीतच अडकलं. "तुम्ही?" पुन्हा तबक खाली आलं, या वेळी जरा जोरात. "एकवीस वर्षं रोज कॉफी आणून दिली मी. आणि तुम्हाला नाव आहे हे तुम्ही माझ्यापासून लपवून ठेवलंत?"

"विचारलं होतंत का कधी?"

"ते विचारतात का!" काएतानराव तबकाकडे पाहत म्हणाले. "पण सांगायचं तरी! एक शब्द! मी... मी नावसुद्धा लक्षात ठेवलं असतं हो." मग त्यांनी कॉफीच्या ऑर्डरीचं पॅड काढलं आणि एका दमात, न अडखळता, ग्राझचा पत्ता लिहिला. गल्ली, घर, मजला. पाचदा वाचलेला होता. "दक्षिण स्थानकावरून अकरा वाजून पाचला गाडी आहे. पळा." आणि नाव्रातिल दारापर्यंत पोचल्यावर मागून, सगळ्या काफेला ऐकू जाईल असं, बरंचसं चाचरत, "सांभाळून जा... नाव्रातिल!"

सेमेरिंगचा घाट बर्फाने भरला होता. गाडी रेंगाळत चढली आणि तितकीच रेंगाळत उतरली. नाव्रातिलांनी डब्यात नऊ भाषणं तयार केली आणि ग्राझला उतरेपर्यंत ते नऊच्या नऊ विसरले. मामांचा कोट ते काफेतच खुंटीला विसरले होते. अंगात साधं जाकीट, फेब्रुवारीची थंडी, कान लाल.

तिसरा मजला. दारावर दोन बहिणींची नावं. त्यांनी घंटी दाबली. आत पावलं आली आणि दाराशी थांबली.

"कोण आहे?"

त्यांनी श्वास घेतला. "नाव्रातिल."

मग आतून, अगदी सावकाश:

"त्या नावाचा माणूस अस्तित्वात नाही. माझ्याकडे लेखी आहे. पाच प्रती."

"ते... ते चुकीचं लिहिलंय, बाई."

"चुकीचं तर आहेच," आतला आवाज म्हणाला. "पाचही प्रतींत काळाचा गोंधळ आहे. 'कधी नव्हता' असं जो लिहितो त्याने आधी 'असेल' याचा विचार केलेला नसतो. मी मात्र केला. रोज."

"मीही," नाव्रातिल दाराला म्हणाले.

आत साखळीचा आवाज झाला. ती निघेना. एकदा खळखळली, दोनदा, तिसऱ्यांदा हातातून सुटून दारावर आपटली. जन्मभर चमचा कपाला न लावणाऱ्या हाताला घाई झाली होती, आणि नाव्रातिल बाहेर थंडीत उभे राहून, आयुष्यात पहिल्यांदाच, अजिबात घाई न करता ते ऐकत होते.